पेपरात ‘मंजूर’ आलं, पुढं काय? सरकारी धोरणाच्या मागं लागायची कोल्हापुरी पद्धत

पेपरात ‘आपल्या भागासाठी अमुक कोटी मंजूर’ असं छापून आलं की संध्याकाळपर्यंत चौकात डिजिटल बोर्ड लागतंय, हात जोडलेले फोटो, खाली सगळ्या तालमीची नावं, आणि त्यानंतर दोन पावसाळे जातात तरी खडीचा ट्रक काय येत नाही. मग कट्ट्यावर चर्चा की पैसे खाल्ले, अमक्यानं अडवलं, तमक्यानं पळवलं. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा कुणी काय खाल्लेलं नसतंय, कारण पैसे अजून निघालेलेच नसतात. सरकारी निर्णय कुठं जन्मतो, कुठल्या टेबलावरनं फिरतो आणि आपल्या गल्लीत कसा उतरतो हे एकदा डोक्यात बसलं की कुणाला काय विचारायचं ते कळतंय, आणि बरोबर माणसाला बरोबर प्रश्न विचारला की अर्धं काम तिथंच हलतंय. म्हणून हे लिहितोय, जमेल तेवढं साध्या भाषेत.

पहिली गोष्ट म्हणजे ते ‘मंजूर’ कुठल्या पायरीवरचं आहे ते शोधायचं. घोषणा म्हणजे नेता भाषणात बोलला, त्याला कागद नाही. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पना बरी आहे, पैशाचं नंतर बघू. प्रशासकीय मान्यता म्हणजे सक्षम अधिकाऱ्यानं किंवा खात्यानं लेखी सांगितलं की हे काम एवढ्या रकमेत करायला हरकत नाही. तांत्रिक मान्यता म्हणजे इंजिनिअर लोकांनी इस्टिमेट तपासून सही केली. मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, आणि निधी वितरण हा परत वेगळाच विषय, कारण वर्क ऑर्डर निघून काम अर्धं झालेलं असतंय आणि ठेकेदार बिलासाठी हेलपाटे घालत असतोय असंही सर्रास होतंय. पेपरवाले या सगळ्याला एकच शब्द वापरतात. तेव्हा नगरसेवक असो, सरपंच असो की आमदाराचा पीए, एकच विचारायचं: ‘प्रशासकीय मान्यतेचा नंबर आणि तारीख सांगा की.’ नंबर आला तर काम कागदावर आहे. नंबर ऐवजी ‘साहेब बोललेत’ असं उत्तर आलं तर समजून जायचं.

आमदार फंडाचं पण तसंच. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतोय, खासदारालाही ५ कोटी, पण पैसे त्यांच्या खिशातनं किंवा खात्यातनं जात नाहीत, ते फक्त काम सुचवतात, पुढची मान्यता आणि पैसे सोडायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडं, म्हणजे जिल्हा नियोजन शाखेकडं. आमदारांनी पत्र दिलं म्हणजे काम सुरू झालं असं नसतंय, पत्राची पोच नियोजन शाखेत पडली का ते बघायचं.

दुसरी गोष्ट, विषय कुणाचा आहे. दिल्लीचा, मुंबईचा, जिल्हा परिषदेचा का महापालिकेचा. यात लोक लई चुकतात, केंद्राच्या विषयासाठी तहसीलदाराला निवेदन देतात, तहसीलदार ते ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ म्हणून घेतोय, फोटो निघतोय, झालं.

उसाचंच घ्या, आपल्याकडं यापेक्षा ओळखीचा विषय नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा कमीत कमी दर, किती हे ठरवतंय केंद्र सरकार, कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवर केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलला ३५५ रुपये धरलेत. पैसे १४ दिवसात द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तोही केंद्राचाच. पण कारखान्यानं पैसे थकवले तर कारवाई कोण करणार? पुण्यातले साखर आयुक्त, म्हणजे राज्य. ते आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली करा असा आदेश. आणि ती वसुली प्रत्यक्षात कोण करणार? जिल्हाधिकारी, आणि त्यांच्या वतीनं तहसीलदार. म्हणजे दर दिल्लीत, कारवाई पुण्यात, वसुली नागाळा पार्कात, म्हणजे आपल्या कलेक्टर ऑफिसात. दर वाढवा म्हणून साखर आयुक्तांसमोर बसून उपयोग नाही आणि थकीत बिलासाठी दिल्लीला पत्र लिहून उपयोग नाही.

आणि याच विषयात पुढं जे झालं ते तर धोरणाचा अख्खा अभ्यासक्रमच आहे. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारनं जीआर काढला की एफआरपी दोन टप्प्यात द्यायला चालेल, त्या त्या हंगामाचा उतारा बघून हिशोब. कारखान्यांना बरं पडत होतं, शेतकऱ्यांना नाही. शेतकरी नेते राजू शेट्टी हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो जीआर रद्द केला. मुद्दा काय, तर केंद्राच्या कायद्याखाली जो आदेश निघालाय त्याच्यावर राज्याचा जीआर चढू शकत नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे: सगळ्यात वर राज्यघटना, मग कायदा, मग कायद्याखालचे नियम आणि अधिसूचना, मग शासन निर्णय म्हणजे आपला जीआर, आणि सगळ्यात खाली परिपत्रक. खालचा कागद वरच्या कागदाच्या विरोधात असेल तर तो टिकत नाही, कुणीतरी कोर्टात गेलं पाहिजे एवढंच. जाईपर्यंत मात्र तोच चालतोय, तीन वर्षं चाललाच की.

आता मंत्रालयात काय होतंय ते. मंत्री म्हणाले आणि धोरण झालं असं आपल्याला वाटतंय, पण फाईल खालनं सुरू होते. कार्यासनावर सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, मग सचिव किंवा प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव, मग मंत्री. मध्येच फाईल आडवी जाते, पैशाचा विषय असला की वित्त विभागाकडं, कायद्याचा असला की विधी व न्यायकडं, नोकरभरती आरक्षण असलं की सामान्य प्रशासनाकडं. वित्त विभागानं ‘सद्यस्थितीत सहमती देता येत नाही’ असं एक वाक्य लिहिलं की फाईल परत. मोठा विषय असेल तर मंत्रिमंडळासमोर टिपणी जाते, मंजूर झालं की त्या दिवशी बातमी येते, पण जीआर निघायला आणखी आठवडा लागतोय कधी महिना, आणि जीआर निघेपर्यंत खालच्या एकाही ऑफिसात कुणी हात हलवत नाही. ‘आदेश आला नाही अजून’ हे तुम्हाला तलाठ्यापासून सीईओपर्यंत सगळे सांगतात, ते टाळाटाळच करत असतात असं नाही, खरंच आलेला नसतोय. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आधीच्या आठवड्यात जीआरचा पाऊस का पडतोय ते यावरनं समजेल, लागली की नवीन काढता येत नाहीत. त्या आठवड्यातले जीआर जरा जास्तच बारकाईनं वाचावेत.

जीआर वाचायचा कसा, तर खालनं वर. शासनाच्या जीआरच्या साईटवर विभाग आणि तारीख टाकली की पीडीएफ मिळतंय, फुकट. लोक वरनं वाचायला लागतात, ‘प्रस्तावना’त अडकतात, त्यात राज्याचा सर्वांगीण विकास वगैरे असतोय आणि झोप येते. शेवटच्या पानावर जावा. तिथं ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असेल, खाली सही कुणाची आहे बघा, आणि त्याखाली ‘प्रत’ म्हणून यादी असते. ती यादी सोन्याची आहे. ज्यांना प्रत गेलीय तेच राबवणार, त्यात ‘सर्व जिल्हाधिकारी’ असेल तर आपल्या कलेक्टर ऑफिसला प्रत आलेली आहे आणि ‘आम्हाला माहिती नाही’ हे उत्तर चालत नाही. सहीच्या वरच्या भागात एक लांबलचक संकेतांक असतोय, तो लिहून घ्या, अर्जात टाकला की समोरचा सरळ बसतो. मग लेखाशीर्ष शोधा, म्हणजे खर्च सरकारी हिशोबात कुठल्या नंबराखाली पडणार ते. ‘यासाठी होणारा खर्च अमुक लेखाशीर्षाखाली भागवावा’ असं वाक्य आणि पुढं आकडे असतील तर पैशाची वाट काढलेली आहे. ते वाक्यच नसेल, किंवा ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असं असेल तर मग देवाचं नाव घ्या. झेडपीत रोज जाणारी माणसं या आकड्यातच बोलतात, ‘पंचवीस-पंधरातनं करूया’, ‘तीस चोपन्नमधी बसतंय काय बघ’. २५१५ म्हणजे ग्रामविकासची मूलभूत सुविधांची कामं, ३०५४ आणि ५०५४ म्हणजे रस्ते पूल. हे तीन आकडे पाठ असले तरी समोरचा तुम्हाला नवखा समजत नाही.

त्यानंतर मधला भाग, म्हणजे अटी, समिती, आणि कोण कुणाला अहवाल देणार. शेवटचं बहुतेक जीआरमध्ये भोंगळ असतंय, ‘वेळोवेळी आढावा घेण्यात यावा’. कुणी घ्यावा, किती दिवसांनी, ते नाही. इथं मला आपल्याच गावाचा जुना कागद आठवतोय. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर सरकारच्या गॅझेटात मागासवर्गीयांना ५० टक्के जागांचा हुकूम काढला, महाराज तेव्हा इंग्लंडला होते. तो हुकूम कुठं मिळाला तर धोरणाचा नमुना म्हणून वाचून बघाच. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांच्या, मागास म्हणजे कोण ते सांगितलेलं, ज्या ऑफिसात त्यांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातलीच करायची, आणि हा हुकूम निघाल्यापासून केलेल्या नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायचा. कोण, किती, कधीपासून, हिशोब कुणी द्यायचा, सगळं मोजक्या ओळीत. आज चाळीस पानी धोरणात सुद्धा एवढं सापडत नाही. कुठलंही नवीन धोरण हातात आलं की मी आधी तो तीन महिन्यांचा तक्ता शोधतो, म्हणजे हिशोब कुणी कुणाला द्यायचा ते. नसला तर ते धोरण बहुतेक कागदावरच राहतंय.

बरं, हे झालं वरनं खाली येणारं. खालनं वर पण जातंय, आणि त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसात, गावानं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आपल्या गावात बंद. ठराव झाला आणि त्याच महिन्यात ग्रामविकास खात्यानं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना कळवलं की हेरवाडचा कित्ता गिरवा. ग्रामविकास मंत्री तेव्हा कागलचे हसन मुश्रीफ होते, ते सोयीचं पडलं असणार, पण मूळ कागद गावाचा. आता त्याची मर्यादा पण बघा, ते आवाहन आहे, कायदा नाही, न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. तरी पण एका गावाच्या ठरावानं राज्याच्या खात्याला कागद काढायला लावला, आणि आपण म्हणतोय ग्रामसभेत जाऊन काय होतंय.

ग्रामसभेत ठराव घालायचा असेल तर अशी जोडणी लावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. नोटीस आधी निघते तेव्हाच विषयपत्रिकेत आपला विषय घाला म्हणून ग्रामसेवकाला, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून ऐनवेळी बोललेलं प्रोसिडिंगमध्ये एका ओळीत गुंडाळलं जातंय. गणपूर्ती म्हणजे कोरम १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर खूश होऊन घरी जाऊ नका, तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि नको ते विषय पंधरा माणसात तिथंच पास होतात. महिला ग्रामसभा आधी होते, बायकांनी तिथं ठराव केला की मुख्य सभेत त्याला वजन येतंय. ठरावात सूचक, अनुमोदक, ठराव नंबर लिहून घ्यायचा आणि नक्कल मागायची. ठराव साधा ठेवायचा, एक मागणी, कुणाकडं, किती दिवसात. चार पानी भाषण कुणी वाचत नाही.

पैशाचं वेळापत्रक पाठ पाहिजे. राज्याचं बजेट मार्चमध्ये, पण त्याच्या मागण्या खात्याकडनं आदल्या पावसाळ्यापासनंच गोळा व्हायला लागतात. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या. जिल्ह्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीतनं, म्हणजे डीपीडीसी म्हणतात ती, अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, १९९८ च्या कायद्यानं चालते. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण जानेवारीच्या आसपास ठरतो. म्हणजे तुम्हाला शाळेच्या खोल्या, स्मशान शेड, पाणंद रस्ता पुढच्या वर्षी पाहिजे असेल तर मागणी दिवाळीच्या आसपास झेडपीच्या त्या त्या खात्यात पडली पाहिजे, इस्टिमेटसकट असली तर लई भारी. मार्चमध्ये जाऊन बसलात तर तिथं मार्च एंडची धांदल असते, बिलं कोषागारात घालायची मारामारी, तुमच्याकडं कोण बघणार? तसं मार्चचा एक फायदा आहे, एखाद्या कामाचा पैसा खर्च होणार नाही असं दिसलं की तो परत जाण्याआधी दुसऱ्या तयार कामाकडं वळवायची गडबड असते, आणि ज्यांची कागदपत्रं तयार, मान्यता झालेल्या, त्यांचं नशीब उघडतंय. तयार कागद घेऊन बसलेला माणूस हा मार्चमध्ये राजा असतोय.

शहरात हेच महापालिकेत. आयुक्त अंदाजपत्रक करून स्थायी समितीपुढं ठेवतात, मग महासभा. आपल्याकडं नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकच होते, म्हणजे मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच. त्या काळात माळकर तिकटीला, म्हणजे महापालिकेत, जाऊन विचारायला नगरसेवकच नव्हता, त्यामुळं बऱ्याच लोकांची सवय पण मोडली. ती परत लावून घ्या, बजेटच्या आधी प्रभागातली तीन कामं लेखी द्या, तीनच, तीस नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बोलायची वेळ. सरकारच्या बऱ्याच निर्णयात कायद्यानंच एक खिडकी ठेवलेली असते, ‘हरकती व सूचना’. शहराचा विकास आराखडा असेल तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणं प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस. नियमांचा मसुदा निघाला तरी राजपत्रात मुदत दिलेली असते. त्या जाहिराती पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात, वधू-वर आणि गहाळ झालेल्या कागदपत्रांच्या शेजारी, आणि कोण वाचत नाही. मुदत संपते आणि मग आंदोलन सुरू होतंय. हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्यातला आरक्षण क्रमांक, तुमचं म्हणणं आणि पर्याय एवढं पुरे, आणि ‘मला समक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य न विसरता घालायचं. शंभर जणांनी एकच झेरॉक्स सही करून दिली तर हरकती शंभर मोजल्या तरी मुद्दा एकच धरतात, त्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे दिले तर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतंय.

खिडकी चुकली की काय होतंय ते कोल्हापूर शहरातल्या टोलनं शिकवलं. रस्त्यांचा करार आधी झाला, महापालिकेनं केला, ठेकेदाराला ३० वर्षं टोल वसूल करायचा हक्क त्यात होता, आणि शहराला खरं चटके बसले नाके उभे राहिल्यावर. मग जे आंदोलन झालं ते अख्ख्या राज्यानं बघितलं, एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर, गोविंद पानसरे, सगळे पक्ष, सगळ्या तालमी, आणि डिसेंबर २०१५ ला सरकारनं टोल रद्द केला. अभिमान आहेच, नाद नाही करायचा. पण जिंकलो ते किती उशिरा आणि केवढी ताकद घालून! ठेकेदाराचा पैसा शेवटी सरकारी तिजोरीतनंच द्यावा लागला. करार महासभेत आला त्या दिवशी जर कुणी ते ३० वर्षांचं कलम मोठ्यानं वाचलं असतं तर एवढं सगळं लागलं नसतं.

अंमलबजावणीत काम अडतंय कुठं, तर बहुतेक वेळा दोन खात्यांच्या मधल्या फटीत. थेट पाइपलाइन बघा, काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आणायची योजना, मंजुरीपासून पाणी यायला दहाएक वर्षं गेली, २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं. पैसे होते, पण पाइप ज्या जमिनीतनं जाणार ती वनखात्याची, कुठं पाटबंधारेची, कुठं बांधकाम खात्याच्या रस्त्याकडेची, कुठं शेतकऱ्याची. प्रत्येकाची परवानगी, प्रत्येकाची वेगळी फाईल. पूररेषेचं पण तेच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ आहे, पण निळी आणि लाल रेषा आखणार जलसंपदा, बांधकाम परवाना देणार महापालिकेचा नगररचना विभाग, आणि पाणी शिरल्यावर पंचनामा करणार महसूल. २०१९ ला आणि २०२१ ला घरात पाणी आलेल्या माणसानं कुणाला धरायचं? म्हणून कुठल्याही रखडलेल्या कामात पहिला प्रश्न ‘कोण जबाबदार’ हा विचारूच नका, सगळे दुसऱ्याकडं बोट दाखवतात. विचारायचं असं: ‘ही फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे आणि कुणाच्या कागदाची वाट बघतेय?’ उत्तर आलं की त्या दुसऱ्या खात्यात जायचं आणि तिथं पण तेच विचारायचं. दोन खात्यांची उत्तरं जुळली नाहीत तर फट सापडली.

तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आपल्या राज्यात १५० शब्दांच्या आत. ‘का केलं नाही’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ म्हणून परत येतंय, कागद मागायचे. साधारण असा मजकूर:

‘अमुक गल्ली ते अमुक चौक रस्त्याच्या कामाबाबत, दि. १ एप्रिल २०२४ ते आजअखेर: प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेच्या आदेशाची प्रत, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतील सदर कामाच्या पानांच्या प्रती, अदा केलेल्या देयकांच्या प्रती, तसेच सदर नस्तीवरील टिपणी पानांच्या प्रती मिळाव्यात. नस्तीच्या अवलोकनाची तारीख व वेळ कळवावी.’

बस एवढंच, नस्ती म्हणजे फाईल. टिपणी पानं मागायला विसरू नका, कुणी काय शेरा मारला, किती दिवस दाबून ठेवलं, सगळं त्यात तारखेसकट असतंय. मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, काम किती लांब किती जाड झालं ते तिथं लिहिलेलं असतंय, टेप घेऊन जाऊन ताडून बघता येतंय. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडं, २० रुपयाचा स्टॅम्प, आणि नंतर दुसरं अपील ९० दिवसात, माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं, तिथं रांग मोठी आहे हे धरून चाला.

त्याआधी एक सोपा मार्ग आहे जो फार कमी लोकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१८ च्या जीआरनुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या सरकारी ऑफिसात, महापालिका झेडपी धरून, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला देतात. अर्ज तिथंच लिहून द्यायचा आणि फाईल मागायची. बऱ्याच ठिकाणी ‘असं काय नसतंय’ म्हणून सांगतील, मोबाईलवर जीआर उघडून दाखवायचा, आवाज न चढवता. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतोय, दोन्हींचा मेळ घातला तर एका हेलपाट्यात काम. दाखले परवाने यासारख्या गोष्टीत मात्र इतकं सगळं करायला लागत नाही, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरवून दिलेत, ऑफिसात फलक लावलेला असतोय, दिवस उलटले की आपले सरकार पोर्टलवर अपील टाकायचं.

एवढं करून पण नाही झालं तर कोर्ट. पूर्वी मुंबईला जायचं म्हटलं की रात्रीची गाडी, लॉज, वकिलाची तारीख, माणूस तिथंच गार पडायचा. आता ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग धरून सहा जिल्ह्यांसाठी, आणि त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं ते सांगायला नको. पण वकिलाकडं जाताना नुसता राग घेऊन जाऊ नका. मूळ जीआर संकेतांकासकट, तो ज्या कायद्याखाली आहे त्याचं कलम, तुम्ही दिलेले सगळे अर्ज पोचेच्या शिक्क्यासह तारखेच्या क्रमानं, माहिती अधिकारात आलेली उत्तरं, आणि एका पानावर घटनाक्रम, एवढी फाईल तयार असली की वकील पण नीट ऐकून घेतो. अर्ज देताना दोन प्रती काढायच्या, एकीवर आवक-जावक टेबलाचा शिक्का, नंबर आणि तारीख घ्यायची, ‘साहेब नाहीत, ठेवून जावा’ म्हटलं तर ठेवून यायचं नाही, शिक्का मारणारा क्लार्क तिथंच असतोय, चहाला गेला असला तर येईपर्यंत बाकड्यावर बसायचं.